आधी लिहिलेली अट

माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत, त्यांत रक्ताचं नातं नसलेला एक माणूस अगदी वर बसतो. त्यांच्या घरच्यांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं आहे. आम्ही मुलं त्यांना काका म्हणायचो, तेच इथे चालवते. वडील त्यांना साहेब म्हणायचे. कृषी खात्याच्या सांख्यिकी शाखेत ते नोकरीला होते आणि भातकापणीच्या दिवसांत मुळशीत कोळवण खोऱ्यात आले की मुक्काम आमच्या पडवीत असायचा. पुढे मी संख्याशास्त्र शिकले, शिकवलं, त्याच्या जोरावर घर चालवलं. त्याची सुरुवात कॉलेजात झाली नाही, त्या पडवीत झाली.

सुगीत आमच्याकडे सरकारी माणसं दोन कामांना येत. एक आणेवारी, म्हणजे पीक किती आणे आलं याचा अंदाज, दुसरं पीक कापणी प्रयोग. आणेवारीत नजरेचा भाग मोठा असायचा. काकांचं काम दुसरं. गावातला गट नंबर ते आकड्यांच्या तक्त्यावरून काढत. शेतात गेल्यावर नैऋत्य कोपरा धरून, पुन्हा तक्त्यातलेच दोन आकडे घेऊन, तितकी पावलं लांबीच्या बाजूने आणि तितकी रुंदीच्या बाजूने चालत. जिथे पाय थांबेल तिथे खुंटी ठोकायची, तिथून 10 मीटर बाय 5 मीटरचा चौकोन सुतळीने आखायचा आणि तेवढंच भात कापून, झोडून, पाखडून तोलायचं. वडील दर वर्षी त्यांना वरचं खाचर दाखवत. "साहेब, हे घ्या, लोंब्या बघा कशा लवल्यात." काका हसत आणि खालच्या, पाणी साचणाऱ्या खाचराकडे वळत, कारण आकडा तिथला निघालेला असे. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मी निवडलं की माझी नजर मोजली जाईल, तुमचं भात नाही."

त्यांच्या पिशवीत कोपरे झिजलेलं एक जाड पुस्तक असायचं, पानसे आणि सुखात्मे यांचं. शेतीत काम करणाऱ्यांसाठी लिहिलेलं हे संख्याशास्त्र भारतीय कृषी संशोधन परिषदेने 1954 साली काढलं. पीक कापणीची ही रीत देशभर रुजवण्यात याच दोघांचा मोठा वाटा. पां. वा. सुखात्मे हे खटाव तालुक्यातल्या बुध गावचे, जन्म 1911 चा. फर्ग्युसनमधून 1932 ला पदवी घेतली आणि 1933 साली ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. नेमन आणि इगॉन पिअर्सन यांचा परिकल्पना तपासण्याच्या रीतीवरचा गाजलेला निबंध त्याच साली निघाला. पिअर्सन त्याच कॉलेजात होते, नेमन पुढच्या वर्षी आले, आणि इमारतीतच वरच्या बाजूला आर. ए. फिशर यांची प्रयोगशाळा होती. सबंध विषय ज्यांनी उभा केला, ती तिन्ही माणसं एका छताखाली, एकमेकांशी कडाक्याचे वाद घालत होती. आणि त्यांच्यात साताऱ्याकडचा हा तरुण शिकत होता. काका हे सांगताना ताठ बसायचे. सुखात्मे पुढे रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत गेले, निवृत्तीनंतर पुण्यात परतले, 1997 साली पुण्यातच वारले. काकांनी त्यांना दुरूनच पाहिलं होतं, तरी ते नेहमी "आमचे सुखात्मे" असंच म्हणत.

आता आत्याची गोष्ट. घरातले मोठे तिला आक्का म्हणत, काकाही.

वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून 1987 साली इंद्रायणी हा वाण बाहेर आला आणि दोन-तीन वर्षांत आमच्या खोऱ्यात पसरला. आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून तो निघालेला. आंबेमोहोराला वास उत्तम, पण उतारा कमी आणि ताट उंच, त्यामुळे वाऱ्यापावसात आडवं पडायचं. इंद्रायणीत आईचा वासही थोडा उतरलेला. त्यामुळे बाजारात इंद्रायणी आंबेमोहोर म्हणून खपू लागला. आत्याचं म्हणणं, "मला डोळे बांधून द्या, वासावर सांगते." वडिलांचं म्हणणं, आक्का उगीच. हा वाद निघाला त्या रात्री काका पडवीत होते. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आक्का, उद्या बघू या का?"

दुसऱ्या दिवशीची व्यवस्था मला अजून जशीच्या तशी दिसते. दोन सारख्या पातेल्यांत, सारख्या पाण्यात, आईने दोन्ही तांदूळ शिजवले. आठ वाट्या, चार आंबेमोहोराच्या, चार इंद्रायणीच्या. वाट्यांच्या बुडाला काकांनी चिकटपट्टीवर आकडे लिहून लावले आणि कोणत्या क्रमाने वाट्या जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. वाट्या भरल्यावर आईला त्यांनी परसात पाठवलं. तिला माहीत आहे ना, म्हणाले, तिच्या बोलण्यावरून आक्कांना कळेल. वाट्या नेऊन देणारी मी. मला काहीच माहीत नव्हतं. आंबेमोहोराचा दाणा आखूड, इंद्रायणीचा लांबट, म्हणून आत्याच्या डोळ्यांवर पंचा बांधला. चाखायचं नाही, फक्त वास घ्यायचा. आठांपैकी चार आंबेमोहोर आहेत एवढं तिला सांगितलेलं होतं.

आणि सगळ्यात आधी, वाट्या भरायच्याही आधी, काकांनी वहीत दोन ओळी लिहून वडिलांना आणि आत्याला वाचून दाखवल्या. पहिली ओळ: आक्कांना ओळखता येत नाही, त्या अंदाजाने सांगतात, असं धरून चालू. दुसरी ओळ: आठही वाट्या बरोबर आल्या तरच हे धरलेलं सोडून देऊ.

आत्याला पहिली ओळ टोचली. "मला येत नाही असं आधीच लिहिलंत?" काकांनी तिला जे सांगितलं, ते पुढे मी वर्गात मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले. तुम्हाला येत नाही असं माझं मत नाही, आक्का. पण येतं असं धरलं तर किती येतं? आठांत आठ? आठांत सहा? प्रत्येकाचा हिशोब वेगळा. अजिबात येत नाही असं धरलं तर हिशोब एकच आणि चोख होतो. आठांतून चार वाट्या उचलायच्या एकंदर 70 तऱ्हा. त्यांतली पूर्ण बरोबर एकच. म्हणजे नुसत्या अंदाजाने आठही साधायची शक्यता सत्तरात एक. इतकी दुर्मीळ गोष्ट घडली तर नशिबाला श्रेय देण्यापेक्षा तुमच्या नाकाला देणं शहाणपणाचं. यालाच पुस्तकात शून्य परिकल्पना म्हणतात. खोटी ठरावी म्हणूनच ती मांडलेली असते, आणि ती खोटी ठरवायचं काम पुराव्याचं.

आत्याच्या सहा वाट्या बरोबर आल्या. आंबेमोहोराच्या तीन, इंद्रायणीच्या तीन.

वडील म्हणाले, आठात सहा, म्हणजे पंचाहत्तर टक्के, पास! काकांनी वहीत आकडेमोड केली. एक वाटी इकडची तिकडे व्हायच्या 16 तऱ्हा, पूर्ण बरोबरची 1, मिळून 17. सत्तरात सतरा. अंदाजपंचे सांगणाऱ्या माणसालाही जवळजवळ चारात एकदा सहा किंवा जास्त साधतात. एवढ्यावर काही म्हणता येत नाही. आत्याचा चेहरा पडला. "म्हणजे मी खोटी?"

"नाही आक्का. तुम्हाला येतं हे आज ठरलं नाही. येत नाही, हेही ठरलेलं नाही."

संख्याशास्त्राच्या सगळ्या शिक्षणात या एका वाक्याइतकं मोलाचं दुसरं काही मला मिळालं नाही. पुरावा कमी पडला म्हणजे उलट बाजू सिद्ध झाली, असं समजणारी भली भली माणसं पुढे मी पाहिली, चांगल्या पदांवरची. औषधाचा गुण दिसला नाही म्हणजे औषध निरुपयोगी. बियाण्यात फरक दिसला नाही म्हणजे दोन्ही सारखी. चाचणी पुरेशी बारीक होती का, हे कोणी विचारत नाही. आत्याने ते विचारलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझ्या आत्याने पंचा सोडत म्हटलं, "साहेब, वाट्या भरून ठेवल्यात कधीच्या. भात निवला की वास कुठला राहायचा?"

काका क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. प्रयोग कच्चा होता." आंबेमोहोराचा वास ज्या द्रव्याचा, टू-ॲसिटिल-वन-पायरोलिनचा, ते वाफेबरोबर उडून जाणारं आहे, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आत्याला रसायन ठाऊक नव्हतं, भात ठाऊक होता. खरा फरक असूनही तो हाती न लागणं ही चाचणीची दुसरी चूक. पहिली चूक म्हणजे नसलेला फरक आहे असं म्हणणं. नेमन आणि पिअर्सन यांनी या दोन चुका वेगळ्या करून दोन्हींचा हिशोब मांडायला शिकवलं. आमच्या ओसरीवर त्यांतली दुसरी आत्याने दाखवून दिली.

पुन्हा प्रयोग करायचं ठरलं, पण काकांनी त्यालाही अट घातली. पहिला निकाल वहीतून खोडायचा नाही. आता दहा वाट्या, पाच-पाच, एकेक करून पातेल्यातून गरम वाढलेल्या. दहाही बरोबर आल्या तरच मानायचं. आणि तिसरी फेरी नाही. "मनासारखं येईस्तोवर फेऱ्या घेत राहिलो," ते वडिलांना म्हणाले, "तर एक दिवस तुमच्या बैलालाही आंबेमोहोर ओळखता येईल."

दहांतून पाच उचलायच्या तऱ्हा 252. आत्याने दहाही वाट्या बरोबर सांगितल्या. सहाव्या वाटीवर ती बराच वेळ थांबली होती, वाफ गालावर घेत होती, आणि आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो. काकांनी टाळी वाजवली नाही. आधी हिशोब पुरा केला. पहिल्या फेरीत नशिबाने पूर्ण साधायची शक्यता सत्तरात एक, दुसरीत 252 त एक. दोहोंपैकी एका तरी फेरीत नुसत्या नशिबाने साधण्याची शक्यता शंभरात दोनाहून कमी. मग त्यांनी वही आत्यापुढे धरली आणि म्हणाले, "आक्का, आता सही करा." आत्याने अंगठा उठवला. ते पान काकांनी नंतर मला दिलं.

दहावीनंतर मला घरी बसवायचं घाटत होतं. पौडच्या पुढे शिकायला जाणारी घरातली पहिली मुलगी मी ठरणार होते आणि खर्चाचा प्रश्न होताच. काकांनी वडिलांना पडवीत बसवून समजावलं. काय बोलले ते मला कधीच कळलं नाही. पुण्यात राहायची सोय त्यांनी स्वतःच्या बहिणीकडे लावून दिली, दोन वर्षांची फी भरली आणि परत घेतली नाही. पैशाचं ऋण एवढंच, आणि तेही फेडू दिलं नाही.

पुढे मी पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात शिकले. व. शं. हुजुरबाजार यांनी 1953 साली उभा केलेला हा विभाग. कोल्हापूरचा हा माणूस केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्याकडे शिकून आला आणि त्याने इथे विद्यार्थी घडवले. तिथे एका तासाला सरांनी फिशरची गोष्ट सांगितली. रॉथमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी, कपात आधी दूध ओतलं की आधी चहा हे चवीवरून सांगते, असं म्हटलं. फिशरने त्यावरून आठ कपांचा प्रयोग मांडला आणि 1935 च्या पुस्तकात त्याच्यावर सबंध प्रकरण लिहिलं. आठ कप, चार-चार, 70 तऱ्हा. वर्गात बसल्या जागी मला आमची ओसरी दिसली. काकांनी फिशरचं नावही न घेता तो प्रयोग आंबेमोहोरावर उतरवला होता, आणि माझ्या मते आत्याची तक्रार ऐकून तो सुधारलाही होता.

मी एम.एस्सी.ला असताना आमच्याकडे युरिया-डीएपीच्या ब्रिकेटची, म्हणजे खताच्या दाबून केलेल्या गोळ्यांची, हवा झाली. डॉ. एन. के. सावंत यांची चारसूत्री भातशेती: रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख, खाचरात गिरीपुष्पाचा पाला, दोरी धरून 15 आणि 25 सेंटिमीटरवर आलटूनपालटून लावणी आणि चार चुडांच्या मधोमध एक ब्रिकेट बोटाने खोचायची. वडील सगळीकडे करायला निघाले होते. काका तेव्हा निवृत्त झालेले. तरी पौडच्या एस.टी.ने आले. म्हणाले, आठ खाचरं घ्या, प्रत्येकाचे मध्ये बांध घालून दोन भाग करा, कोणत्या भागात ब्रिकेट ते नाणं उडवून ठरवा. वर-खालच्या खाचरांचा पोत वेगळा, पण एकाच खाचराचे दोन भाग सख्खे. अट पुन्हा आधी लिहिली: आठांपैकी निदान सात खाचरांत ब्रिकेटचा भाग जड भरला तर मानू. खताने काहीच फरक पडत नसेल, तर कोणता भाग जड भरेल हे नाण्याच्या छाप्या-काट्यासारखंच. सात किंवा आठ वेळा ब्रिकेटच्याच बाजूला झुकण्याची शक्यता 256 त 9, शंभरात साडेतीनच्या आसपास. सात भरले. वडील खूश झाले. काकांनी लगेच दुसरा हिशोब काढायला लावला: खोचायला किती बाया लागल्या, किती रोज पडला, जास्तीचं भात कितीला गेलं. फरक आहे, हे एक. तो परवडतो का, हे अगदी निराळं. आजही शोधनिबंधांत पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन दुसऱ्याचं मिळाल्यासारखं लिहिलेलं वाचते तेव्हा मला राग येतो.

काकांशी शेवटची लांब बैठक झाली ती जयंत नारळीकरांच्या फलज्योतिष चाचणीवर. 2008 साली पुण्यात नारळीकर, विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी 200 मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या होत्या, निम्मी मुलं अभ्यासात हुशार, निम्मी बौद्धिक अपंगत्व असलेली. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40 पत्रिका. कोणती कोणत्या गटातली ते सांगायचं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी बरोबर उत्तरं 46 टक्के, नाणं उडवलं असतं तरी जवळपास तेवढीच. एका संस्थेने सगळ्या 200 पत्रिका पाहिल्या, 102 बरोबर आल्या. 2009 साली हे 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं.

काका माळकरी, पंचांग पाहूनच कार्याला निघणारे. मला वाटलं होतं, वाद घालतील. त्यांनी सगळं नीट वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, "अट आधी जाहीर केली होती ना? आणि ज्योतिषांना मान्य होती?" होती, म्हटल्यावर म्हणाले, "मग निकाल मानायलाच हवा." एका ज्योतिषाची 40 पैकी 24 उत्तरं बरोबर होती, तो खरा असेल का, असं मी मुद्दाम विचारलं. त्यांनी बोटांवर हिशोब केला. नुसत्या अंदाजाने 24 किंवा जास्त साधण्याची शक्यता एकेकाला शंभरात तेरा-चौदा. सत्तावीस जण असले तर त्यांतल्या तिघा-चौघांना ते साधावं अशीच अपेक्षा. "सत्तावीस जणांतला पहिला आलेला उचलून त्याची पाठ थोपटू नकोस," ते म्हणाले, "सगळ्यांना मोज." स्वतःच्या श्रद्धेच्या विरोधात गेलेला निकाल त्यांनी ज्या सरळपणे स्वीकारला, तसा स्वीकारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

माझा भाचा हिंजवडीत काम करतो. हिंजवडी आमच्याच मुळशी तालुक्यात, कधीकाळी तिथेही भातच होतं. मोबाइलवरच्या खरेदीचं बटण हिरवं असावं की केशरी, हे त्याची मंडळी लाखो लोकांवर तपासतात. पी-व्हॅल्यू, म्हणजे नुसत्या नशिबाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, हा शब्द त्याच्या तोंडात दिवसभर असतो. वीस गोष्टी तपासल्या, एक लागली, असं तो एकदा आनंदाने सांगत आला. विसांतल्या एकीतही काही तथ्य नसलं, तरी शंभरात पाचाची रेघ धरल्यावर सरासरीने एक लागतेच, हे मी त्याला काकांच्या वहीवरून समजावलं. त्याला पटलं. पुढच्या वेळी काय तपासायचं ते आधी लिहून काढतो, म्हणाला.

काका गेले, आत्याही गेली. वहीचं ते पान माझ्याकडे आहे.

तुम्ही अजून भात लावत असाल, तर येत्या जूनमध्ये खताच्या किंवा बियाण्याच्या दुकानातल्या पत्रकावर भरवसा टाकण्याआधी आठ खाचरं दोन-दोन भागांत वाटा आणि नाणं उडवा. किती खाचरांत नवं जड भरलं तर मानाल, हा आकडा लावणीच्या आधी वहीत लिहा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाची तरी त्यावर सही घ्या. मग दिवाळीच्या सुमारास तराजू आणा.